व्हिसा, सी फॉर्म आणि डबल बास : मित्राचा जॅझ दौरा लावताना

फेब्रुवारी २०२४मध्ये माझा रॉटरडॅमचा एक मित्र पुणे, मुंबई आणि गोवा अशा तीन ठिकाणी जॅझ वाजवून गेला. तो डबल बास, म्हणजे खर्जाचं मोठं, उभं तंतुवाद्य वाजवतो. गेली वीसेक वर्षं गावोगाव फिरून त्यावरच त्याचं घर चालतं. दौरा मी आणि बायकोने मिळून लावला. आमची एक छोटी प्रोप्रायटरी फर्म आहे, एरवी वर्षातून दोन-तीन बैठकी भरवतो. पण परदेशी कलाकाराला करार करून, तिकीट लावून, मानधन देऊन आणण्याची ही पहिलीच वेळ होती. विषय निघाला जून २०२३मध्ये आणि शेवटचा कागद त्याला मिळाला जून २०२४मध्ये. या वर्षभरात मराठीत कुणी सांगितलेलं काहीच सापडेना, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

मैत्री कशी झाली ते आधी. २०१४ ते २०१६ मी कंपनीच्या कामासाठी आइंडहोव्हनला होतो. तिथे एका लहानशा बारमध्ये दर आठवड्याला जॅम सेशन, म्हणजे वादकांनी जमून उत्स्फूर्त वाजवणं असायचं. ऐकायला दहा-पंधरा माणसं. माझा कान घडला होता सवाईच्या मांडवात, जॅझचं मला काही कळत नव्हतं. पण बाकीचे वादक कितीही लांब भटकून आले तरी बासवाल्यापाशी येऊन अचूक भेटतात, हे लक्षात आलं आणि मध्यंतरात मी त्यालाच जाऊन विचारलं की तुमची सम कुठे असते. सम म्हणजे काय हे सांगायला टेबलावर तीनतालाचा ठेका धरला. त्याने बत्तीस बारांचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा, आपल्या तालातल्या विभागासारखा) त्यांचं आवर्तन बोटांवर मोजून दाखवलं, मग म्हणाला, आता पुढचं गाणं ऐकताना फक्त मला ऐक. तेव्हापासून मी जॅझ खालून वर ऐकतो.

पुण्याला परतल्यावरही बोलणं सुटलं नाही. २०२०मध्ये त्याचे सगळे कार्यक्रम रद्द झाले, घरात बसून त्याचा धीर सुटत चालला होता. तेव्हा दर रविवारी आम्ही फोनवर एकेक रेकॉर्डिंग लावून ऐकायचो. एक रविवार त्याचा, एक माझा. या दौऱ्याचं बीज त्या रविवारांमध्ये होतं.

जून २०२३मध्ये त्याचा निरोप आला : पुढच्या फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे मोकळे आहेत, येऊ का? मी लगेच हो म्हणालो. आपल्याकडे असे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात बरे होतात. हवा चांगली, लोक बाहेर पडतात आणि परीक्षा लागलेल्या नसतात.

जुलैमध्ये पहिला विषय निघाला पैशांचा, आणि तिथेच आमचा पहिला वाद झाला. तो म्हणाला, आपल्यात करार कशाला, तिकिटांतून जे येईल ते वाटून घेऊ. मी अडून बसलो. करार नसेल तर व्हिसाच्या अर्जाला काय जोडणार, बँक पैसे कशाच्या आधारावर पाठवणार? शिवाय, कार्यक्रम पडला आणि तो रिकाम्या हाताने परत गेला तर मी त्याला तोंड कसं दाखवणार होतो? शेवटी दोन पानी साधा करार केला : तीन कार्यक्रम, एकूण २,००० युरो, विमानाचं तिकीट, राहणं-जेवण आणि वाद्याची सोय आमच्याकडे, प्रवास व आरोग्य विमा त्याच्याकडे, आणि कार्यक्रम रद्द झाला तर कुणी काय सोसायचं.

करारात एक ओळ माझ्या सीएने आग्रहाने घालायला लावली आणि तिचं मोल नंतर कळलं. मानधनाचा आकडा कर कापण्याआधीचा आहे की हातात पडणारा, ते स्पष्ट लिहायचं. भारतात येऊन कला सादर करणाऱ्या अनिवासी परदेशी कलाकाराच्या मानधनातून आयोजकाने तेव्हाच्या, म्हणजे १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४ई खाली वीस टक्के आणि वर चार टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के कापायचे असत. २,००० युरोंतून ४१६ गेले, हातात १,५८४. हातात पूर्ण २,००० द्यायचं कबूल केलं असतं तर कराचा बोजा आमच्यावर आला असता, आणि तोही वाढीव रकमेवर काढावा लागला असता. मी हा हिशेब त्याला जुलैमध्येच आकड्यांसकट पाठवला. तो दोन दिवस गप्प होता. मग विचारलं की कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मिळेल का, म्हणजे तिकडच्या विवरणपत्रात दाखवता येईल. मी मिळेल म्हणालो आणि विषय संपला. मित्राला वाईट बातमी द्यायची तर ती आकड्यांत आणि लवकर द्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

कर कापायचा तर टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक लागतो. आमच्याकडे नव्हता. ४९बी फॉर्म भरला, शुल्क शंभर रुपयांच्या आत, नंबर आठवडाभरात आला. हे काम पहिल्या महिन्यातच उरकून टाका.

जीएसटीचं गणित जास्त गुंतागुंतीचं होतं. संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशमूल्य माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की अठरा टक्के. म्हणून पुण्याचं तिकीट ५०० ठेवलं. पण परदेशी कलाकाराचं मानधन म्हणजे सेवेची आयात. त्यावरचा अठरा टक्के कर रिव्हर्स चार्जने आयोजकालाच भरावा लागतो, आणि जिथे तिकीट करमुक्त आहे त्या भागापुरतं त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट मिळत नाही. मुंबई आणि गोव्याच्या जागांनी आम्हाला ठरलेली रक्कम देऊ केली होती, त्या बिलांवर आम्ही जीएसटी लावला. त्यामुळे थोडं क्रेडिट मिळालं. रिव्हर्स चार्जचे सुमारे ३२,००० रुपये बजेटात आधीच धरलेले असल्याने पुढे ताण आला नाही.

आता व्हिसा. पर्यटक व्हिसावर येऊन पैसे घेऊन वाजवणं चालत नाही, एवढं पक्कं धरून चाला. पण मग कोणता प्रवर्ग, याची उत्तरं जितकी माणसं तितकी मिळाली. ओळखीच्या एकाने तर सरळ सांगितलं की सगळे पर्यटक म्हणूनच येतात, कोण विचारतंय. मित्राच्या पासपोर्टशी असला खेळ करायची माझी तयारी नव्हती, कारण त्याचं पोट दर महिन्याला सीमा ओलांडण्यावर आहे. ऑगस्टच्या शेवटी त्याने करार जोडून हेगच्या भारतीय वकिलातीच्या व्हिसा विभागाला ईमेलने विचारलं आणि आलेलं उत्तर छापून अर्जालाच लावलं. प्रवर्ग मी मुद्दाम लिहीत नाही. तो कामाच्या स्वरूपावर आणि मानधनावर ठरतो, आमचा तुम्हाला लागू पडेलच असं नाही. आमच्या बाजूने गेलेले कागद असे : लेटरहेडवर निमंत्रणपत्र, करार, फर्मच्या नोंदणीचे आणि पॅनचे दाखले, तिन्ही जागांची संमतीपत्रं, कार्यक्रमांच्या तारखा. जागांच्या संमतीपत्रांनी आमचा पूर्ण सप्टेंबर खाल्ला. ऑक्टोबरच्या मध्यावर अर्ज गेला, मध्ये एकदा जास्तीचा कागद मागितला गेला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा लागला. विमानाचं तिकीट आम्ही त्यानंतरच काढलं, ६८,००० रुपये पडलं. आधी काढलं असतं तर स्वस्त मिळालं असतं, पण रात्री झोप लागली नसती.

व्हिसाची वाट बघत असताना मी वाद्य शोधत होतो, आणि या सगळ्या खटपटीतला सर्वांत सुंदर भाग हाच.

डबल बास माणसापेक्षा उंच असतो. विमानाने न्यायचा तर त्याला प्रचंड पेटारा लागतो, भाडं कलाकाराच्या तिकिटाहून जास्त होऊ शकतं. म्हणून फिरते बासवादक बहुधा रिकाम्या हाताने येतात, सोबत फक्त तारांचा संच, वाद्याचा आवाज ध्वनिक्षेपकाकडे नेणारा पिकअप आणि गज. वाद्य आयोजकाने द्यायचं. पुण्यात इलेक्ट्रिक बास शंभर मिळतील, पण उभा लाकडी बास, तोही वाजण्याच्या स्थितीतला, विचारत फिरावं लागतं. दोन वाद्यं पाहिली. एकाची मान हलत होती, दुसऱ्याचं भाडं झेपणारं नव्हतं.

मग आमच्या पियानोवादकाने, जो मूळ गोव्याचा आणि आता मुंबईकर आहे, माहीममधल्या एका घराचा पत्ता दिला. त्या घरातले आजोबा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बास वाजवत असत. ते जाऊन बरीच वर्षं झाली, बास मात्र दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. आपल्या चित्रपटसंगीतात जॅझ शिरलं ते अशाच घरांमधून. आल्डोन्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट दिवसा सी. रामचंद्रांना साहाय्य करायचा आणि रात्री हॉटेलात स्वतःचा बँड वाजवायचा. १९५१च्या 'अलबेला'मध्ये तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याचे आपले चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि गोव्याचा हा वादक यांनी मिळून जे केलं ते मराठी माणसांनी अजून पुरेसं ऐकलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

घरच्या काकूंनी भाडं घ्यायला नकार दिला. म्हणाल्या, "दुरुस्त करून वाजवा आणि दुरुस्त करूनच परत आणा." मी वाद्याचे फोटो रॉटरडॅमला पाठवले. त्याचं पहिलं उत्तर होतं : कुणालाही सगळ्या तारा एकदम काढू देऊ नकोस. चारही तारा एकाच वेळी सैल झाल्या की तारांखालची घोडी पडते, आणि पोटातला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये नुसत्या दाबावर उभा असलेला लाकडी दांडा, तोही पडतो. तो पुन्हा जागेवर बसवणं जाणत्याचंच काम. आम्ही मुंबईत व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे वाद्य नेलं. बाजूची एक सांध उकलली होती ती चिकटवून घेतली, घोडीचे पाय साफ केले. खर्च सगळा मिळून, आणण्या-नेण्यासकट, २२,०००. तळाच्या लोखंडी खुंटीचं रबर झिजून गेलं होतं. ते कुठेच मिळेना तेव्हा मित्रानेच सुचवलं, आणि लक्ष्मी रोडवरच्या मेडिकलच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ते रबर घेतलं. अगदी बेताचं बसलं.

बास गाडीतून नेताना काय करायचं तेही सांगतो. इनोव्हाच्या मधल्या सीटा पाडून त्याला कुशीवर झोपवायचा, पाठीवर किंवा घोडीवर कधीच नाही. मानेखाली उशी, चारी बाजूंनी गोधड्या, आणि एसीचा झोत थेट लाकडावर नको. मुंबईच्या दमट हवेतून फेब्रुवारीच्या कोरड्या पुण्यात आलं की लाकूड आकसतं, तारांची उंची बदलते. म्हणून वाद्य कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पुण्यात आणून ठेवलं.

डिसेंबर-जानेवारी परवानग्यांमध्ये गेले. सभागृह कोथरूडमधलं, ११० खुर्च्यांचं, बंदिस्त. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहानंतरची बंदी सभागृहासारख्या बंदिस्त जागेच्या आतल्या आवाजाला नाही. तरीही आम्ही वेळ संध्याकाळी साडेसहाचीच ठेवली. पोलीस ठाण्यात अर्ज दिला तेव्हा 'परदेशी कलाकार' हे शब्द वाचून फाइल वरच्या शाखेकडे जाणार असं कळलं. तिथल्या महिला हवालदारांनी मला बाजूला बसवून मोलाचा सल्ला दिला : "साहेब, अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, बंदिस्त सभागृह, बसून ऐकण्याचा कार्यक्रम, इतकी आसनं, मद्य नाही. बाकीचं खाली." तसा अर्ज पुन्हा टाइप केला, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, सभागृहाचं पत्र आणि कलाकारांची यादी जोडली. डिसेंबरच्या मध्यावर दिलेल्या अर्जाची परवानगी जानेवारी संपता संपता हातात आली. पोस्टर त्याआधीच छापावं लागतं, हे मनाला फार जाचतं. काही दिवस मी फोन वाजला की दचकायचो.

संगीताच्या हक्कांचा परवाना बरेच जण विसरतात. मंचावर प्रत्यक्ष वाजवल्या जाणाऱ्या रचनांसाठी आयपीआरएसचा, म्हणजे रचनाकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना, आणि मध्यंतरात किंवा लोक येऊन बसत असताना रेकॉर्ड लावणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा. आम्ही रेकॉर्ड लावली नाही, तेवढा खर्च वाचला. जुनी जॅझ गाणी आता सगळ्यांची झाली असा समज असतो. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ड्यूक एलिंग्टन १९७४मध्ये गेले, थेलोनियस मंक १९८२मध्ये, म्हणजे दोघांच्या रचना अजून हक्काखाली आहेत. मित्राच्या स्वतःच्या रचनांचे हक्कसुद्धा तिकडच्या बुमा संस्थेकडे नोंदवलेले. म्हणून सेट लिस्ट पंधरा दिवस आधी मागवली आणि कार्यक्रमानंतर प्रत्यक्ष वाजलेल्या रचनांची यादी दिली.

१ फेब्रुवारीला पहाटे तो मुंबईत उतरला. राहायला आमच्याच घरी, त्याचाच हट्ट होता. परदेशी पाहुणा घरी उतरला तरी हॉटेलप्रमाणेच चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची ऑनलाइन नोंद करावी लागते, हे घरोघरी माहीत असायला हवं. तेव्हा ती सी फॉर्मवर होत असे. त्यासाठीचं खातं आधी काढून मंजूर करून घ्यावं लागतं, ते आम्ही जानेवारीतच केलं होतं. त्यामुळे तो अंघोळ करून पोहे खाईपर्यंत पासपोर्ट, व्हिसा, फोटो चढवून पावती छापून झाली. मुंबई-गोव्यात हॉटेलांनी आपापली भरली.

मग त्याने बास पाहिला. गोधडी काढली, आधी पाठीवर हात फिरवला, मग बोटाने फळीवर ठिकठिकाणी टकटक करून कान लावला. पिकअप चढवला, एकेक तार बदलली. पहिली काढायची, नवी लावून सुरात आणायची, मगच दुसरीला हात. दुपारचे तीन तास गेले. आई आतून सारखी विचारत होती की जेवणार कधी. घोडीची चाकं अर्धा-अर्धा फेरा फिरवून त्याने तारा थोड्या उचलल्या, गज टेकवला आणि सगळ्यांत खालची तार सोडली. ताटाळ्यातली ताटं थरथरली. तो मला म्हणाला, "हे वाद्य कुणीतरी रोज वाजवलेलं आहे, मानेवर त्याच्या अंगठ्याची जागा आहे." मी पाहिलं, मानेच्या मागे वार्निश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

शुक्रवारी त्याचं पोट बिघडलं. मी घाबरलो, कारण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. डॉक्टरांना घरी बोलावलं, औषध, मीठ-साखरेचं पाणी, आणि आईने मऊ भात-मेतकूट सोडून दुसरं काही समोर येऊ दिलं नाही. आयोजकांना एकच सांगेन : कार्यक्रमाआधी कलाकाराला कुणीही आग्रहाने बाहेर जेवायला नेऊ देऊ नका, नातेवाइकांनाही नाही.

शनिवार, ३ फेब्रुवारी. ११० खुर्च्या भरल्या. पियानो, बास, ड्रम्स असं त्रिकूट. पहिल्या सोलोनंतर टाळ्या वाजल्याच नाहीत. पुण्याचा श्रोता वादन चालू असताना गोंगाट करत नाही, आणि इथे मध्येच टाळी द्यायची असते हे कुणाला ठाऊक? ड्रमरने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या रचनेत बासचा सोलो आला, तो फिरत फिरत बरोबर आवर्तनाच्या तोंडाशी उतरला, आणि तिसऱ्या रांगेतून एका आजोबांची खणखणीत "क्या बात है!" आली. त्यानंतर सभागृह मोकळं झालं. पुढच्या रांगेतल्या एक बाई मांडीवर ताल धरून होत्या, मित्राचं लक्ष सारखं त्यांच्या हाताकडे जात होतं. नंतर मला म्हणाला, जॅझमध्ये जोर पडतो त्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर त्या नव्हत्या, पहिलीवर होत्या, आणि त्यांच्यामुळे मी वेगळं वाजवलं.

७ तारखेचा मुंबईचा कार्यक्रम चांगला झाला, त्यात सांगण्यासारखी अडचण आली नाही. त्या दिवशी दुपारी मात्र त्याला धोबीतलावचं रंगभवन बघायचं होतं. जॅझप्रेमी निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी १९७८मध्ये 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला तो तिथे. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्या पहिल्या यात्रेत वाजवायला आले. त्याच्या दहा वर्षं आधी ते पवईच्या आश्रमात राहून गेले होते, त्यामुळे मुंबई त्यांना परकी नव्हती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले, रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजं अगदी लगत आहेत. बाहेरूनच पाहिलं. त्याने विचारलं की झवेरी हे सगळं कसं जमवत असतील, इंटरनेट नसताना. मी पोलीस परवानगीच्या फायलीची जाडी दाखवली आणि म्हणालो, त्यांची याहून जाड असेल, आणि पत्राचं उत्तर यायला महिना लागत असेल. तिथून चालत ताजपर्यंत गेलो. तिथल्या बॉलरूममध्ये १९३५मध्ये लिऑन ॲबीचा बँड वाजला होता. असे वादक तेव्हा बोटीने येत आणि अख्खा मोसम राहत. मोसमभर राहिलं की मैत्री आपोआप होत असणार, आम्हाला त्यासाठी बारा दिवस होते. चालता चालता पहिल्यांदाच तो २०२०बद्दल नीट बोलला. बास विकायला काढला होता, गिऱ्हाईकही ठरलं होतं. मी काही विचारलं नाही, तोच सांगत राहिला.

१० तारखेला गोवा. तिथे कुणाला काही समजावावं लागलं नाही. सोलो संपला की टाळी, आणि मध्यंतरात तीन म्हातारे वादक बास बघायला मंचावर. एकाने तो ओळखल्यासारखं केलं, माहीमच्या आजोबांचं नावही बरोबर घेतलं. मी त्याच रात्री काकूंना फोन लावून दिला. १२ तारखेला मित्र परत गेला. जाताना तारांचा नवा संच वाद्यावरच ठेवून गेला, आणि आम्ही तो बास तसाच माहीमला पोचवला.

आयोजकाचं काम तिथे संपत नाही. १६ फेब्रुवारीला बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म, करार, त्याचं बिल, पासपोर्टची प्रत आणि त्या रकमेची करखात्याला ऑनलाइन दिलेली माहिती, म्हणजे १५सीए फॉर्म दिला. वर्षभरातली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे सीएच्या १५सीबी प्रमाणपत्राची गरज नव्हती, तरी आमच्या बँकेने ते मागितलं. भांडण्यात आठवडा गेला असता, सीएकडून करून घेतलं. युरोचा दर करासाठी स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) धरतात, बँक पैसे पाठवते तो दर वेगळा, दोन्ही नोंदवून ठेवा. परदेशी बँकेचे शुल्क कोण भरणार तेही फॉर्मवर खूण करून सांगायचं असतं, आम्ही आमच्याकडे घेतलं, नाहीतर त्याच्या खात्यात १,५८४ पेक्षा कमी पडले असते. पैसे २३ तारखेला पोचले. कापलेला कर ७ मार्चच्या आत भरला, अनिवासींच्या करकपातीचं २७क्यू विवरणपत्र मे अखेरीस, आणि कर कापल्याचं १६ए प्रमाणपत्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला पाठवलं.

एकूण खर्च ४,३६,४०० रुपये. पुण्याच्या तिकिटांचे ५५,०००, मुंबईकडून दीड लाख, गोव्याकडून एक लाख, आणि चोवीस स्नेह्यांनी प्रत्येकी ५,००० दिले ते १,२०,०००. क्रेडिट मिळायच्या आधी ११,४०० कमी पडत होते. मी पूर्ण हिशेब, पावत्यांसकट, त्याला पाठवला. त्याने लगेच अर्धी तूट देतो असं कळवलं. यावर आमचा दुसरा वाद झाला आणि तोही मीच जिंकला, कारण करारात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग त्याने दुसरा मार्ग काढला. पुण्याच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण स्वतः मिसळून, स्वच्छ करून, चोवीस जणांना आणि माहीमच्या काकूंना पाठवलं.

पुढच्या वेळी संमतीपत्रं जुलैमध्येच मागवायची आणि पोलीस अर्ज नोव्हेंबरात द्यायचा, एवढं ठरलं आहे. तो एक सॅक्सोफोनवाली मैत्रीण घेऊन यायचं म्हणतोय. दोघांचे करार वेगळे करावे लागतील, मुक्कामाच्या नोंदी दोन, आणि वरच्या खोलीत आणखी एक गादी.